घासलेला बिल्ला

माझे धाकटे दीर जुन्या सायकली पुन्हा उभ्या करतात. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मागची खोली त्यांचीच. आमचे हे चिडवतात, "याला माणसांपेक्षा हँडलंच जास्त ओळखतात." भावोजी नुसते हसतात. पण काम असं की बघत राहावं. हँडलखालच्या नळीवरचा पितळी बिल्ला काढायचा, तर आधी त्याची जागा कागदावर उतरवून घेतात. मग दोन इवल्याशा रिव्हेटांची डोकी कानसतात आणि नायलॉनचा दोरा मागून करवतीसारखा हळूहळू ओढतात. "बिल्ला वाकला की सायकलचं नाक वाकडं, वहिनी."

मागच्या महिन्यात एक निवृत्त शिक्षिका वडिलांची सायकल घेऊन आल्या. "फ्रेम हवी तशी रंगवा, बिल्ला मात्र आहे तसाच ठेवा. वडील सायकलवर बसण्याआधी त्यावर अंगठा फिरवायचे. बिल्ल्यावरच्या पक्ष्याचा एक पंख त्यानेच झिजलाय. राहिलेला निळा रंगही जाऊ देऊ नका." हे मला नंतर कळलं. मी चहा ठेवून आत वळले होते. जप अर्धा राहिला होता ना!

बिल्ला काढून भावोजींनी खिडकीत बशीत ठेवला आणि रिव्हेट आणायला बाजारात गेले. मी देवाची भांडी घासत होते. समोर काळवंडलेलं पितळ दिसलं आणि हात शिवशिवले. लिंबू, मीठ, फडकं. पाच मिनिटांत लखलखीत! पाण्यात निळा रंग उतरला, तो मी मळ समजून ओतून दिला.

भावोजींनी येऊन बशी उचलली, बराच वेळ धरून ठेवली. शिक्षिकाबाईंचं बोलणं तेव्हा सांगितलं. मग म्हणाले, "थिनर उडालं असेल माझ्याकडून." रोज देवाचं नाव घेणारी ही जीभ तेव्हा टाळूला चिकटली.

काल बाई सायकल न्यायला आल्या. नव्या काळ्या रंगावर बिल्ला बसवलेला. त्यांनी विचारायच्या आत भावोजी बोलले, "बाई, बिल्ल्याचा रंग गेलाय. चूक माझी."

बाईंनी त्यावर अंगठा ठेवला आणि लगेच उचलला. "एवढं बजावलं होतं मी. तुमच्या हाताचं नाव ऐकून आले होते. हा आता दुसऱ्याच कुणाचा वाटतो. काढा."

सकाळीच बसवलेले रिव्हेट भावोजींनी त्यांच्यादेखत कानसले. कानस दोनदा घसरली. त्यांची कानस घसरलेली मी कधी पाहिली नव्हती. मी दारात उभी होते, ओल्या हातांनी. बाई दोन भोकांची सायकल घेऊन गेल्या. बिल्ला टेबलावरच राहिला.

"भावोजी, बिल्ला मी घासला होता."

"माहीत आहे. लिंबाचा वास येत होता."

"मग बोलला का नाहीत?"

ते दोरा गुंडाळत राहिले. "तुम्ही बोलाल असं वाटलं होतं."

आज सकाळी देवापुढे बसले, पण डोळे मिटवेनात. बिल्ला रुमालात बांधून बाईंचं घर गाठलं आणि उंबऱ्यावरच सगळं सांगून टाकलं. बाईंनी बिल्ला घेतला, उलटसुलट पाहिला.

"त्यांना ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तुम्ही तिथेच उभ्या होतात?"

मी मान हलवली. त्या आत गेल्या, सायकल बाहेर काढून बिल्ल्यासकट माझ्या हाती दिली. "त्यांना म्हणावं, बसवा पुन्हा. आणि मी काल जे बोलले ते तुम्हीच त्यांच्याकडून परत घ्या, मला तोंड नाही."

तोंड मला तरी कुठे होतं? सायकल ढकलत घरी आणली, भावोजींच्या खोलीच्या दाराशी टेकवली आणि तिच्यासमोर उभी राहिले. दोन्ही भोकं माझ्याकडे तोंड करून होती.