कोड मावशीच्या फोनवर

माझी मावशी दीपमाला दिसायले गरीब गाय, पण मनात गाठ बांधली तं सोडत नाई. हे मले माहीत होतं. भैय्यालाल शेठले नव्हतं.

लाखांदूरले शेठची राइस मिल आहे. मी शाळेत होती तेव्हापासून मावशी तिथं ऑफिसात. मिलचा ईमेल तिनंच काढला. केरळ, रायपूर, सगळीकडच्या व्यापाऱ्याईच्या ऑर्डरी, तांदळाचे फोटो, गाड्याईचे कागद, एवढ्या वर्षांचा सगळा ढीग त्याच्यातच. तोच मेल मावशी आमच्या गावी, दिघोरीले, घरच्या लॅपटॉपवर पण उघडे, कारण व्यापारी संध्याकाळी मेल टाकत आणि शेठच म्हणे, "बाई, घरूनही पाहत जा ना, सकाळपर्यंत कोण थांबन?" जेवता जेवता पाहे बिचारी. वरचा पगार? विसरा!

मग शेठचा पुतण्या अतुल नागपूरवरून कोर्स करून आला आणि त्याले मोठा शोध लागला. "काकाजी, हे बाई घरी बसून आपला मेल पाहते! आपले भाव दुसऱ्या मिलवाल्याईले सांगत असन!"

आणि शेठ! ज्यानं स्वतः सांगितलं तो! हमाल, ड्रायव्हर सगळे उभे असताना म्हणला, "उद्यापासून येऊ नोको. चोराले मी पगार देत नाई."

मावशी एसटीनं घरी आली. रडली नाई, मीच रडली. म्हटलं, "मावशी, तू काहून काई बोलली नाई?"

"बोलीन ना. तिथंच बोलीन."

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू होता, तं ती दुसऱ्याच्या शेतात, बांधीत धान रोवायले जाऊ लागली. मीही गेली. चिखलात उभ्या होतो आणि तिच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. कोड आला. पुन्हा कोड. मग शेठचा फोन.

झालं असं का अतुलनं जुना कॉम्प्युटर साफ पुसला, नवा आणला, मेल उघडायले गेला, तं पासवर्ड टाकल्यावरही मेलनं कोड मागितला. आणि कोड येते मावशीच्या नंबरवर! मेल काढताना शेठच म्हणला होता, "माझा नंबर नोको टाकू, मले फालतू मेसेज येतात." मी तं चिखलात नाचलीच!

"बाई, तेवढा कोड सांगा."

"हात भरले आहेत शेठ," म्हणून मावशीनं फोन ठेवला.

दुपारी गाडीच आली. पांढऱ्या पँटीत शेठ बांधीच्या काठाले, धुऱ्यावर उभा, मागं अतुल. आमच्यासोबत रोवणारी शकुनबाई म्हणे, "उतरा ना शेठ बांधीत, एक ओळ तुमी बी लावा!" साऱ्या बाया हासल्या.

"चुकलं बाई," शेठ हळूच म्हणला. "केरळवाल्याची ऑर्डर अडकली."

मावशी वाकूनच होती. "इथं मले कोणी चोर म्हणलं नाई. जिथं म्हणलं तिथं बोला. हमालाईसमोर."

अतुल म्हणे, "चला काकाजी, दुसरा मेल काढू."

"काढ बाबू. जुन्या ऑर्डरी त्याच्यात येतात का पाह."

दुसऱ्या दिवशी आमी मिलमध्ये. हमाल पोते खाली ठेवून उभे. शेठ काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाई आलं," मावशी म्हणे. "मशीन चालू आहे."

शेठले स्वतः मशीन बंद करा लागली! एवढी मोठी मिल, एकदम चूप.

"दीपमालाबाई चोर नाई. घरून मेल पाहायले मीच सांगितलं होतं."

"आता ऐकू आलं शेठ," मागून परसराम हमाल म्हणे.

अतुलनं पुन्हा कोड मागवला, मावशीनं फोनवर पाहून सांगितला. मेल उघडला. शेठचा जीव भांड्यात पडला, म्हणे, "मंग उद्यापासून या बाई."

"उद्या रोवणा आहे." मग अतुलकडे पाहून, एकदम गोड आवाजात, "आता नंबर तुझा टाकून घे बाबू. संध्याकाळी जेवता जेवता पाहत जा."

आमी एसटी स्टँडवर पोहोचलो तरी मागं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला नव्हता. हमाल अजून हासतच असतीन!