पलंगामागची भिंत

१५ मार्च १९९८, रुपये ४१२ आणि पैसे ५०. ताईने जपून ठेवलेल्या बिलावर ही तारीख आणि ही रक्कम आहे, आणि खाली तिच्या धाकट्या भावाची सही आहे. बिलात सहा ओळी आहेत. पाचवी ओळ अशी: जंक्शन बॉक्स, नग एक, रुपये १८.

तो नग त्या घरात कधीच बसला नाही. हे फक्त सही करणाऱ्याला ठाऊक होतं, आणि मधली बरीच वर्षं त्यालाही ते आठवत नव्हतं.

सही करणाऱ्याला सगळे होल्डरमामा म्हणतात. भाची तीन वर्षांची असताना खाऊसाठी मामाच्या खिशात हात घालायची आणि दर वेळी बल्बचा होल्डर बाहेर काढायची. तेव्हा पडलेलं नाव पुढे कारखान्यातही पोचलं. कागदाच्या कारखान्यात मामा चौतीस वर्षं वायरमन होते. इतर लोक बोलता बोलता तारेला हात घालायचे. मामा मात्र मेन बंद करायचे, फ्यूज काढून खिशात टाकायचे आणि मगच शिडी चढायचे.

"फ्यूज खिशात कशाला, मामा?"

"माझा जीव आहे तो. तुमच्या भरवशावर बोर्डात ठेवू होय?"

लोक हसायचे. पण ओल्या फरशीवर मोटारीला चिकटलेला जोडीदार मामांनी एकदा डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हापासून विजेची भीती त्यांच्या पोटात बसली ती बसलीच. निवृत्त होताना त्यांनी साहेबांना सांगितलं होतं, "मला या भीतीनेच सांभाळलं."

ताई एकाहत्तर वर्षांची. त्याच घरात लेक आणि जावयाबरोबर राहते. तिची झोपायची खोली आठ फूट बाय नऊ फूट. खिडकी आहे, पण ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून. त्यामुळे भर दुपारीही खोलीत संध्याकाळ. ट्यूब दारावर, आणि दार आणि पलंग यांच्या मध्ये कपाट, म्हणजे उजेड कपाटाला आणि सावली ताईला. गेल्या महिन्यात पलंगावरून उठताना ती स्टुलाला अडखळून पडली. हाड मोडलं नाही, पण भाचीने धसका घेतला. तिने रंगारी बोलावला, हिरव्या भिंती पांढुरक्या करायचं ठरवलं आणि दिव्यांसाठी मामांना फोन केला.

मामा गुरुवारी अकरा वाजता पोचले. तीन भिंतींवर रंगाचे दोन-दोन हात झाले होते आणि खोली आत्ताच मोठी वाटत होती. चौथी भिंत, पलंगामागची, आज रंगवायची होती. पलंग एकट्या रंगाऱ्याला हलत नसल्यामुळे तो भिंतीला टेकलेलाच होता. लोखंडी, जुना, जड. त्यावर पाय वर घेऊन ताई बसली होती. रंगारी स्टुलावर उभा राहून भिंतीवर पाणी मारत जुना रंग खरवडत होता, आणि ताई त्याला खालून सूचना देत होती.

"आज्जी, तुम्हीच करता का?"

"स्टुलावर चढता आलं असतं तर तुला हाक मारली असती का?"

भाचीने कागदावर आराखडा काढला होता. ट्यूब दारावरून काढून छताच्या मध्यावर. पलंगापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत जमिनीलगत एक मंद दिवा. आणि उशाशी, भिंतीवर, हात लांब केला की लागेल असा वाचायचा दिवा. तिने भिंतीवर पेन्सिलने फुली मारून ठेवली होती. "इथे ड्रिल मारायचं. जमेल ना, मामा?"

मामांनी फुलीकडे पाहिलं. फुलीच्या वीतभर वर प्लास्टरचा एक चौकोन बाकी भिंतीपेक्षा किंचित फुगीर होता. हिरवा रंग असताना तो दिसत नव्हता. तो चौकोन मामांच्या हातचा होता.

सगळं एका क्षणात आठवलं. रविवार. दुकानं बंद. वायर हातभर कमी पडलेली. पिशवीतला जुना तुकडा जोडला, टेप गुंडाळली, आणि जोड झाकायचा बॉक्स सापडेना म्हणून तशीच प्लास्टर करून टाकली. बिल सकाळीच करून झालं होतं. पुढच्या रविवारी येऊन नीट करू, घर काय पळून जातंय!

"बघतो," मामा म्हणाले. आवाज नेहमीसारखा निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं.

"आणि उशाशी दिवा झाला की बरं," ताई म्हणाली. "रात्री उठायचं म्हणजे आधी पलंगाचा दांडा धरावा लागतो. आणि हल्ली दांडा धरून पाय खाली ठेवला की हाताला मुंग्या येतात."

"कधीपासून?"

"झाले दोन महिने. डॉक्टर म्हणाले शिरा कमजोर झाल्यात. गोळ्या दिल्यात."

"त्या न्हाणीघराचा पाइप गळायला लागला ना, तेव्हाच सुरू झालं सगळं," भाची म्हणाली. "आईची तब्येत आणि घराची तब्येत एकदमच बिघडली."

न्हाणीघर याच भिंतीच्या पलीकडे होतं. भिंत आतून दोन महिने ओली, बाहेरून आज सकाळपासून ओली, मध्ये तो जोड, आणि भिंतीला टेकलेलं लोखंड. त्यांनी खिशातून टेस्टर काढला आणि पलंगाच्या दांड्याचा रंग उडाला होता तिथे टोक टेकवलं.

टेस्टरमधला दिवा लागला. मंद, लालसर. एकदा लुकलुकला. पण लागला.

ताई म्हणाली, "थांब, चहा टाकते," आणि पाय खाली सोडू लागली.

"ताई, पाय वर! खाली ठेवू नकोस! दांड्याला हात लावू नकोस!"

एवढ्या मोठ्याने मामा आयुष्यात बोलले नव्हते. रंगाऱ्याच्या हातातून ब्रश पडला. ताईने पाय वर ओढून घेतले, लहान मुलगी पाल पाहून घेते तसे. मामा बाहेर धावले. मेन स्विच व्हरांड्यात, सात पावलांवर. पण त्या सात पावलांत त्यांना कारखान्यातली ओली फरशी दिसत होती. खटका खाली केला, फ्यूज काढले, खिशात टाकले. परत आले. पुन्हा टेस्टर लावला. दिवा लागला नाही. दोनदा लावला. तिसऱ्यांदाही लावला.

"उतर आता," ते म्हणाले, आणि तिचा हात धरूनच तिला उतरवलं.

मामा आणि रंगाऱ्याने मिळून पलंग ओढला. छिन्नीचे चार घाव पुरले. जोड काळा पडला होता, टेप लगद्यासारखी सुटली होती, आणि तांब्याला हिरवं पाणी सुटलं होतं. रंगारी वाकून बघत म्हणाला, "उंदरानं कुरतडलं बघा. भिंतीत शिरतात लेकाचे."

"उंदीरच असणार," भाची म्हणाली. "नाहीतर मामाचं काम असं कसं होईल?"

वाट मोकळी होती. मामांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. हा जोड पाच मिनिटांत नवा करता आला असता, आणि चौतीस वर्षांचं नाव होतं तसं राहिलं असतं. पण हातभर तुकडा त्यांनी अख्खा वापरला होता की कापून दोन ठिकाणी? पंख्याच्या तारेलाही त्या दिवशी काही कमी पडलं होतं का? त्यांना आठवत नव्हतं. पंख्याची तार कपाटामागून जाते, आणि कपाटही लोखंडी. ती भिंत काल रंगवून झाली होती. उंदराचं नाव घेऊन ती कोणी फोडू दिली नसती.

"उंदीर नाही," मामा म्हणाले. "मी."

मग त्यांनी सगळंच सांगितलं. रविवार, दुकान, तुकडा, बॉक्स. "परक्याच्या घरी असं एकदाही केलं नाही, ताई. शपथेवर सांगतो. आपलंच घर, केव्हाही येऊ, असं वाटलं." मग कपाटाकडे बोट दाखवलं. "तिथेही असेल. नसेलही. फोडल्याशिवाय झोपू नका."

ताई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. तिने आपला तळवा उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे माझ्या शिरा ठीक आहेत?"

"ठीक असतील."

"आणि मी दोन महिने त्या कडू गोळ्या गिळतेय. मेल्या, तुझा पुढचा रविवार सव्वीस वर्षांनी उजाडला होय?"

ती हसली नाही. भाचीने मामांकडे पाहिलंच नाही. ती कपाटातले कपडे भराभरा काढून बाहेर टाकू लागली.

नव्या रंगाची भिंत तीन ठिकाणी फोडली. पहिल्या दोन ठिकाणी तार सलग निघाली, आणि रंगारी रंगाच्या खर्चावरून पुटपुटू लागला. तिसऱ्या खड्ड्यात जोड सापडला. कोरडा होता, पण टेप पूर्ण निघून आली होती आणि तांबं कपाटाच्या मागच्या पत्र्यापासून बोटभर अंतरावर होतं. मामा तिथेच जमिनीवर बसले.

त्यानंतर आठवडाभर काम चाललं. सगळी तार नवी घातली, सगळे जोड बॉक्समध्ये घेतले, मेनजवळ गळती झाली की आपोआप पडणारा स्विच बसवला. पाइपही दुरुस्त करून घेतला. रंगाऱ्याला जादा दिवसांचे पैसे मामांनी दिले आणि भाचीने ते देऊ दिले. ट्यूब छताच्या मध्यावर आली. जमिनीलगतचा दिवा लागला. उशाचा दिवा ताईने स्वतः लावून, बंद करून, पुन्हा लावून पाहिला. खोलीत आता कोपऱ्यातली सुईसुद्धा दिसते. मुंग्या थांबल्या.

मामा दर रविवारी येतात. चप्पल काढायच्या आधी आत जाऊन पलंगाला टेस्टर लावतात, मग कपाटाला. टेस्टरमधला दिवा लागत नाही. तरी दोनदा लावतात.

एका रविवारी ताईने डबा उघडून ते बिल काढलं आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. "व्याज नको. मुद्दल दे."

मामांनी खिसे चाचपले. पाकीट घरी राहिलं होतं. दोन होल्डर निघाले.

अठरा रुपये अजून द्यायचे आहेत.