मावशीच्या दाराची किल्ली

आमच्या गल्लीत किल्ली आत राहून दार लागलं, तरी कुणी घाबरत नसे. सगळ्यांची जादा किल्ली किल्लीवाल्या काकांकडे असायची. जिन्याखालच्या त्यांच्या टपरीत एक फळी होती, तिच्यावर खिळे, घरं ज्या क्रमाने त्याच क्रमाने. कुठेही नाव नाही. "चोराने फळी नेली तरी बसेल डोकं खाजवत," काका म्हणायचे. माणूस तिरसट. कानस चालू असताना कुणी बोललं की अंगावर यायचे. पण माझा नवरा गेला तेव्हा न बोलावता येऊन दाराची खिळखिळी कडी घट्ट करून गेले. ती अजून हलत नाही.

मग गल्ली विकत घेऊन कंपनी आली. भाडेकरूंना गोड बोलून, नाही ऐकलं त्यांचं पाणी तोडून बाहेर काढलं. माझ्या खोलीचा खटला चालू आहे, म्हणून मी शिलाई मशीन घेऊन अजून इथेच ठाण मांडून आहे. गल्लीच्या तोंडाशी कमान उभी राहिली, तिच्यावर 'द ओल्ड डोअर्स'. दारं घासूनपुसून जुन्या कुलपांसकट ठेवली, कारण जाहिरातीत त्यांचेच फोटो. दाराचा खिळाही बदलायचा नाही, असा नियम. दारं जपली, माणसं हाकलली. त्या कमानीखालून जाताना मला थुंकावंसं वाटतं.

जाणाऱ्यांनी किल्ल्या परत मागितल्या नाहीत, काकांनीही दिल्या नाहीत. "परत दिली म्हणजे पुन्हा येऊ नका म्हटल्यासारखं होतं, पोरी," मला म्हणाले.

समोर आमची मावशी राहायची, सगळ्या गल्लीचीच मावशी. तिलाही काढलं, आणि तिच्या घरात नवी बाई आली. एका दुपारी ती बाहेर अडकली, आत गॅसवर दूध. काका उठले, खिळ्यावरची किल्ली काढली, दार उघडून दिलं आणि टपरीकडे वळले. त्यांच्या लेखी ते नेहमीचंच काम होतं. बाईचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"माझ्या घराची किल्ली तुमच्याकडे कशी?"

"तुमची कुठली? मावशीची आहे ती."

झालं. बाईने तक्रार केली, संध्याकाळी कंपनीचा माणूस दोन रक्षक घेऊन हजर. इतक्या घरांच्या किल्ल्या कशाला जमवल्यात, म्हणे. ज्या माणसाने उघडून दिलेल्या दाराचा उंबरा कधी ओलांडला नाही, त्याला हे विचारत होते. टपरी त्यांना हवीच होती, आयतं निमित्त सापडलं. फळी उचलून नेली, टपरीला टाळं लावलं. काका भांडले नाहीत, याचा मला अजून राग आहे. जाताना खिशातून एक किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. दुपारची, फळीवर परत लावायची राहिलेली.

"मावशी आली तर दे," म्हणाले.

आता ते गावाबाहेर एका पुलाखाली बसतात. तिकडे ओळखच नाही, किल्ली कोण ठेवायला देणार?

परवा भर उन्हात ती बाई पुन्हा बाहेर अडकली. फोनही आतच. माझ्या दाराशी आली, घामाने निथळत होती.

"ते किल्लीवाले हल्ली दिसत नाहीत. कुठे बसतात?"

मी वर बघितलं. सहज विचारत होती. तिच्या काही लक्षातच नव्हतं.

किल्ली मशीनच्या खणात होती, माझ्या गुडघ्याला लागून.

"माहीत नाही," म्हटलं, आणि पायाने मशीन चालू केलं.