मायले को सप्रेम

साकोलीच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, शाळेच्या वह्या, भेटवस्तू गुंडाळायचे चकचकीत कागद, असं सगळं मिळतं. पण देशभरातले काही शहाणे आणि काही अर्धवट लोक मला ओळखतात ते वेगळ्याच कारणानं. मी जुनी कॉमिक्स तपासते. त्यावर चित्रकाराची सही असेल तर ती खरी की कुणी घरी बसून ठोकलेली, हे सांगते. आणि पुस्तकाची तब्येत पाहून त्याला दहापैकी आकडा देते. याला ग्रेडिंग म्हणतात. माझा नवरा याला रद्दीची डॉक्टरकी म्हणतो. म्हणू द्या.

ही नजर मला कुठल्या कोर्समधून मिळालेली नाही. माझे वडील इथेच एका जिन्याखाली कॉमिक्स भाड्यानं द्यायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्ल्यावर मी बसायची आणि परत आलेलं प्रत्येक पुस्तक पान-पान उलटून बघायची. कुणी मधलं पान फाडून नेलं, कुणी खलनायकाला जास्तीच्या मिशा काढल्या, कुणी भज्याचं बोट पुसलं, सगळं मला दिसायचं आणि मी तिथल्या तिथे भांडायची. पुढे मोबाईल आले, जुनी कॉमिक्स जमवणाऱ्यांचे ग्रुप झाले. अशाच एका ग्रुपवर एका मोठ्या संग्राहकानं मिरवत टाकलेल्या फोटोवर मी लिहिलं, 'मुखपृष्ठ पहिल्या आवृत्तीचं आहे, आतली पानं दुसऱ्या आवृत्तीची आहेत, तुम्हाला कुणीतरी टोपी घातली.' दोन दिवस तिथे भांडण चाललं. तिसऱ्या दिवसापासून माझ्याकडे पार्सलं यायला लागली.

काम तसं सोपं आहे, फक्त चिडखोर माणूस हवा. पिना गंजल्यात का, कणा तुटलाय का, कोपरे मऊ पडलेत का, कागद पिवळा झाला की तपकिरी, हे बघायचं. सहीचं थोडं वेगळं. खरी सही घाईत झालेली असते, मागे रांग उभी असते. नकली सही रांगोळीसारखी जपून काढलेली असते आणि भिंगाखाली धरली की तिचा धीमेपणा लगेच कळतो. लोकांच्या मायेनं जितकी कॉमिक्स मेली तितकी वाळवीनं मेली नसतील. आंधळगावच्या एकानं सही केलेलं अख्खं पुस्तक 'टिकावं म्हणून' पान-पान लॅमिनेट करून आणलं होतं. दुसऱ्या एकाच्या घरी दसऱ्याला पोथ्यांबरोबर कॉमिक्सचीही पूजा झाली, थेट सहीवर हळदकुंकू. मी दोघांनाही झापलं. दोघंही नंतर आपापल्या मित्रांना घेऊन आले, म्हणजे माझं झापणं लोकांना आवडत असावं.

रोवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपली त्या सुमारास दिघोरीचा एक शेतकरी आला. पन्नाशीच्या अलीकडचा, पायाला अजून भाताच्या बांधीतला चिखल. बियाण्याच्या रिकाम्या पिशवीतून त्यानं एक कॉमिक काढलं आणि काउंटरवर असं ठेवलं की जणू ते झोपलंय.

"ताई, सही तपासता म्हणे तुमी?"

पुस्तक नव्वदच्या दशकातलं, हिंदी. पहिल्या पानावर खाली जाड काळ्या पेननं चित्रकाराची सही होती आणि तिच्या वर एक ओळ: 'मायले को सप्रेम'.

मला हसू फुटलं. दाबायचा प्रयत्न केला, पण ते नाकातून बाहेर आलं.

"हासा जी," तो म्हणाला. "सारेच हासतात."

हसण्याचं कारण आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्या बोलीत आईला म्हणजे 'मायले'. त्यातला 'ले' म्हणजेच हिंदीतला 'को'. तेव्हा 'मायले को' म्हणजे झालं 'आईलाला'. इथलं शेंबडं पोरही असं लिहिणार नाही, आणि हिंदी माणसाला 'मायले' हा शब्द कुठून येणार? तेव्हा गावानं जो निकाल लावला होता तो मला ऐकायच्या आधीच कळला: पोट्ट्यानं हिंदी झाडायला जाऊन स्वतःच लिहिलं आणि तोंडावर आपटला.

त्याची कहाणी अशी. तो सहावीत असताना मामाच्या ट्रकवर बसून नागपूरला गेला. मामाला तांदळाची पोती उतरवायची होती. तिथे एका पुस्तकांच्या दुकानात त्याच्या आवडत्या कॉमिक्सचा चित्रकार दूर उत्तरेकडून आला होता आणि पोरांना सह्या देत होता. हा रांगेत लागला, सही घेतली आणि घरी येऊन आईच्या हातात पुस्तक दिलं: माय, तुझ्यासाठी लिहून आणलं. आईला वाचता येत नव्हतं. तिनं कौतुकानं शेजारी दाखवलं. शेजाऱ्यानं वाचलं आणि गडगडाटी हसला. मग सगळं गाव हसलं. तेव्हापासून दिघोरीत कुणी थाप मारली की लोक म्हणतात, "मायले को!" हे इतकं पसरलं की एका दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, नाटकात विनोदी नटानं भर स्टेजवर हा शब्द टाकला. मांडव कोसळायचा राहिला. पहिल्या रांगेत त्याची आई बसली होती. ती मधूनच उठून घरी गेली आणि तिनं ते पुस्तक अंगणात भिरकावलं. यानं ते उचलून आपल्यापाशी ठेवलं.

"गावाचं जाऊ द्या," तो म्हणाला. "मी बी हासतो त्यायच्यासंगं. पण मायले अजून वाटते, म्या तिचं नाव घेऊन खोटं बोललो. आता थकली थे. मी शंभर खेपा सांगून पाह्यलं, थे फक्त म्हणते, जाऊ दे रे. ताई, हे 'जाऊ दे' लय लागते जी."

मला वाईट वाटलं, पण वाईट वाटलं म्हणून सही खरी ठरत नाही. हा नियम मी स्वतःशी पाळते, नाहीतर या धंद्यात दरेकजण काहीतरी रडकथा घेऊनच येतो. मी भिंग लावलं. सही वेगात झालेली होती, शेवटच्या अक्षराची शेपटी पेन उचलता उचलता विरळ झाली होती. या चित्रकाराच्या खात्रीच्या सह्यांचे फोटो माझ्या कॉम्प्युटरवर आहेत. सुरुवातीच्या काळात तो आडनाव पूर्ण लिहायचा, नंतर त्यानं ते आखडलं. बाजारातल्या नकला सगळ्या नंतरच्या सहीच्या असतात. ही सुरुवातीची होती. वरची ओळही त्याच पेनची आणि त्याच हाताची वाटत होती, मुरलेल्या मोठ्या माणसाच्या अक्षराची. सगळं जमत होतं आणि ती एक ओळ काही केल्या पचत नव्हती. एक गोष्ट जरी घशात अडकली तरी मी 'खरी' म्हणत नाही.

अशा वेळी माझी एक रीत आहे. काय घडलं ते विचारायचं नाही, कोण काय बोललं ते विचारायचं. घडलेलं माणूस सजवून सांगतो, पण बोलणं मात्र जसंच्या तसं त्याच्या जिभेवर राहतं. मी म्हटलं, "भाऊ, थो काय बोलला अन् तुमी काय बोलले, एक बी शब्द न बदलता सांगा."

तो विचार करायला लागला. हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"थो मान खाली घालूनच होता जी. म्हणे, किसके नाम से लिखूँ बेटा? मी म्हटलं, मायले. थो म्हणे, क्या? मी जोऱ्यानं म्हटलं, मायले! थो म्हणे, अच्छा, अच्छा. अन् लेहलं."

मी खुर्चीतून उठलेच. "अजी भाऊ, त्याले थे नाव वाटलं!"

"कोनाचं नाव?"

"तुमच्या मायचं! तिचं नावच मायले आहे असं वाटलं त्याले! म्हून त्यानं 'मायले को' लेहलं, 'सरला को' लेहावं तसं!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पुस्तकाकडे. मग त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "म्या समजत होतो, मोठ्या लोकायचं हिंदी असंच असंल बापा."

ज्या चुकीमुळे गावानं त्याला इतकी वर्षं खोटं ठरवलं, तीच चूक त्याच्या खरेपणाची खूण होती. इथल्या माणसाला ती जमलीच नसती. 'मायले' हे आख्खं नाव आहे असं वाटायला माणूस बाहेरचाच लागतो. मला इतका आनंद झाला की मी समोरच्या टपरीवरून दोन चहा सांगितले, आणि मी गिऱ्हाइकाला चहा पाजत नाही हे अख्ख्या बसस्टँडला माहीत आहे. सही खरी, पुस्तकाला साडेचार, अंगणातल्या त्या भिरकावण्यात कणा दुखावला होता म्हणून. तो पुस्तक उचलून आईला सांगायला निघाला, तेव्हा मी त्याला थांबवलं. सही खरी आहे हे त्याच्या तोंडून ऐकूनही तिनं शंभर वेळा नाकारलं होतं. मी म्हटलं, तिलाच घेऊन या.

बाजाराच्या दिवशी ती आली. बारकी, ताठ, नऊवारीचा काष्टा कसलेली म्हातारी. बसल्या बसल्या तिनं दुकान नजरेनं झाडून काढलं. मी तिला सगळं समजावलं. माझी सगळी डॉक्टरकी वापरली, भिंग दिलं, फोटो दाखवले. ती ऐकत होती आणि शेवटी म्हणाली, "तू चांगली आहेस माय. पण यानं तुले बी गुंडाळलं दिसते."

मुलानं मान खाली घातली. माझं डोकं तापलं. तेवढ्यात हायवेवर ट्रक लावून एक पंजाबी ड्रायव्हर लायसन्सची झेरॉक्स काढायला आत आला. मला एकदम सुचलं. मी शेल्फवरून एक रंगपेटी काढली, वर भेटीचं लेबल चिकटवलं आणि म्हणाले, "मावशी, इतक्या दूर आल्या, हे माझ्याकडून. घरी कोनाले द्याचं थे ह्या भाऊले सांगा, थे नाव लिहून देतील." आणि ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, अम्मा जो नाम बताएँगी, उनके लिए भेंट लिख दीजिए. मेरा अक्षर खराब है." माझं अक्षर छापील आहे. असो.

ड्रायव्हरनं पेन घेतला. "बताओ अम्मा, किसके नाम?"

"नातीले," म्हातारी म्हणाली.

"क्या?"

"नातीले!"

"अच्छा जी," तो म्हणाला आणि त्यानं मन लावून लिहिलं. मी लेबल उचलून मोठ्यानं वाचलं, "नातीले जी को भेंट."

म्हातारीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "नातीले जी? कोन व्हय थे?"

"तुमीच सांगतलं ना."

"मी त नातीले म्हटलं..." आणि ती थांबली.

ड्रायव्हरला वाटलं आपलं काही चुकलं, तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. म्हातारीनं हळूहळू मान वळवून मुलाकडे पाहिलं. सही खरी की खोटी, ते तिनं विचारलंच नाही. माझ्या अख्ख्या विद्येचा तिला काही उपयोग नव्हता. तिला भलतंच काहीतरी दिसलं होतं.

"म्हंजे त्यानं इचारलं, कोनाच्या नावानं लेहू," ती म्हणाली, "अन् तू मायले म्हटलं?"

"हाव."

"रांगेतले बाकीचे पोट्टे?"

"थे सारे आपआपलं नाव सांगत होते."

"मंग तू काहून नाई सांगतलं तुवं? तुले त भूत लागलं होतं या पुस्तकाचं."

त्यानं खांदे उडवले. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण खांदे सहावीतल्यासारखे उडाले. "बाबा नाई म्हणत होते. तूच त जाऊ देल्लं मले मामासंगं."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते, म्हणून मी घाईघाईनं पाण्याचा ग्लास पुढे केला. पण ती हसत होती, गदगदा हलत, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि मध्येच तिनं मुलाच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला. ड्रायव्हर काही न कळता हसायला लागला. मीही डोळे पुसले, उगाच लपवायचं काय त्यात.

मग तिनं काउंटरवरून पुस्तक उचललं. "माझं व्हय ना हे?"

"तुझंच, माय."

"मंग येवढे वर्स तू कायले ठेवून घेतलं?" असं म्हणून तिनं त्या पुस्तकाची गच्च सुरळी केली. माझ्या डोळ्यांदेखत कणा कडाकडा मोडला, साडेचाराचे दोन झाले, दोनाचा एक झाला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं सुरळी कमरेला खोचली, वरून पदर घेतला आणि मुलाला म्हणाली, "चाल आता. पयले त्या शेजाऱ्याच्या घरी जाऊ."