पुरी बाजू

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास गावस सर रस्त्याकडच्या खिडक्या एकेक करून लावून घेत. मग आंघोळ, धुतलेला लेंगा, इस्त्रीचा बुशशर्ट. बाहेरच्या खोलीत जमिनीवर पाण्याचा हलका शिंतोडा. त्यानंतर कपाटातून एक काळी रेकॉर्ड निघायची आणि त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे वैनींच्या, जुन्या सुती लुगड्याच्या ओल्या तुकड्याने हळुवार पुसली जायची. हे सगळे पहिल्यांदा पाहिले तेव्हा घरात कसलीतरी पूजा आहे असे मला वाटले. मी नवी भाडेकरू, म्हणून शहाण्यासारखी पदर सावरून बसले. मग रेकॉर्ड वाजवायच्या पेटीतून चार परदेशी माणसे आणि त्यांच्या विजेच्या गिटारी असा काही कल्लोळ करत सुटल्या की मी दचकून उठलेच. सरांनी हाताने बसा अशी खूण केली.

"बसलात म्हणजे पुरी बाजू, बाई," ते म्हणाले. "मदीं उठपाचें ना."

सर गोव्यातल्या साखळी गावच्या शाळेत गणित शिकवत. मी सावंतवाडीची, त्याच शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून लागले आणि त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. घर रस्त्याला लागून. त्या रस्त्याने शिरगावच्या खाणींचे ट्रक जात आणि जाताना लाल धूळ घराघरांत वाटत जात. धूळ रेकॉर्डच्या रेघांत बसली की सुई कुरकुरते, आणि ट्रक गेला की सुई उडी मारते. रविवारी ट्रक कमी, म्हणून रविवार. एरवी जमिनीवर, पुस्तकांवर, माणसांवर कितीही धूळ बसो, सरांची तक्रार नसे.

शनिवारी ते देवळात भजनाला पखवाज वाजवत आणि रविवारी हे रॉक ऐकत. दोहोंत त्यांना फरक वाटत नसे. खुर्चीवर ताठ बसायचे, हात गुडघ्यांवर, डोळे उघडे, आणि उजव्या हाताची बोटे मात्रा मोजत असायची. त्यांच्याकडे आणखीही रेकॉर्डी होत्या, पण जीव होता तो एका संचावर. दोन रेकॉर्डींचा एकच अल्बम, चार बाजू. त्याचे वेष्टन मधोमध उघडायचे, म्हणून घरात त्याचे नाव 'दार' पडले होते. एखादे मधलेच गाणे लावा, असे मी एकदा सुचवले. सरांनी माझ्याकडे एखाद्या ढ विद्यार्थिनीकडे पाहावे तसे पाहिले.

"भजनात कोण एकदम भैरवी म्हणता?" ते म्हणाले. "आधी नमन, मग अभंग, मग गवळण. ह्या मनशांनी चार बाजवांचो हिशोब घातलो आसा. आमी कोण तो मोडूक?"

चौथ्या बाजूचे शेवटचे गाणे म्हणजे त्यांची भैरवी. ते संपले की सर क्षणभर डोळे मिटत आणि मगच चहा मागत. बारा वर्षे तोच अल्बम ऐकूनही त्यांना त्यात दर वेळी काहीतरी नवे सापडे. एका रविवारी ते स्वयंपाकघरात धावत आले. तिसऱ्या गाण्यात मागे कोणीतरी खोकतो, ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आले होते. तो खोकणारा ढोलवाला की गिटारवाला, यावर ते आठवडाभर बोलत होते.

हे 'दार' घरात कसे आले ते मला वैनींनी तांदूळ निवडताना सांगितले. सर मूळचे पेडणे तालुक्यातल्या कोरगावचे. त्यांचा बालमित्र वामनही तिथलाच. पुढे सर साखळीला मास्तर झाले आणि वामनने तिथेच बाजारात घड्याळदुरुस्तीचे दुकान टाकले. सरांच्या लग्नानंतर वर्षभरातच दोघे गावी गेले होते, तेव्हा हरमलच्या किनाऱ्यावर एक परदेशी माणूस मायदेशी परतण्यापूर्वी सामान फुंकून टाकत होता. त्याच्या झोपडीबाहेर माडाखाली हाच अल्बम वाजत होता. दोघांनी चारही बाजू उभ्याने ऐकल्या. मग सरांनी सायकल देऊन वाजवायची पेटी घेतली आणि वामनने मनगटावरचे घड्याळ देऊन रेकॉर्डी.

"सायकल म्हज्या भावान लग्नांत दिली," वैनी म्हणाल्या. "हे हरमलसून चलत आयले. डोक्यार पेटी, आनी दोगांच्याय तोंडार असो आनंद, सांगूक नजो."

वैनी ती सायकल कधी विसरल्या नाहीत. भाऊ घरी आला की ती बोलण्यात डुलत वर यायची आणि सर मुकाट्याने बाजारात निघून जायचे. वामनबाबांनी पुढे मनगटावर घड्याळ कधी बांधलेच नाही. घड्याळजीलाच वेळ विचारावी लागते म्हणून बाजारात सगळे त्यांची फिरकी घेत. दर रविवारी दहा वाजता मात्र ते न चुकता हजर असत, सरांच्या शेजारच्या खुर्चीवर, तितकेच ताठ. ऐकताना दोघे एकमेकांशी अक्षरही बोलत नसत. चहा आला की मग बोलत, आणि तेव्हा मात्र थांबत नसत.

मग भाषेचे दिवस आले. गोव्यात कोंकणी हवी की मराठी, यावर घराघरांत पेटले होते. सर मराठीचे, वामनबाब कोंकणीचे. दोघेही वर्तमानपत्रांत पत्रे लिहीत, हा एका भाषेच्या पत्रात, तो दुसरीच्या. मी वाडीची, त्यात मराठीची शिक्षिका, त्यामुळे माझे मत काय असणार हे दोघांनी परस्पर ठरवून टाकले आणि विचारले नाही. त्याबद्दल मी दोघांची ऋणी आहे. चवथीनंतरच्या एका रविवारी, चौथी बाजू संपून, रेकॉर्डी कपाटात जाऊन चहा आला तेव्हा, ते भांडण घरात आले.

"घरांत कोंकणी उलयता आनी कागदार मराठी बरयता," वामनबाब सरांना म्हणाले. "दोन ताटांनी जेवता तूं, भिका."

"म्हजो बापूय आरती मराठींत म्हणटालो," सर म्हणाले. "ती आतां हांव खंय उडोवं?"

एवढ्यावर थांबले असते तर बरे होते. पण चाळीस वर्षांच्या मैत्रीत एकमेकांना कुठे लागते ते दोघांनाही नेमके ठाऊक होते, आणि त्या दिवशी दोघांनीही ते वापरले. वामनबाब उठले. शेवटी म्हणाले, "म्हजें घड्याळ म्हाका परत दी." म्हणजे रेकॉर्डी. सरांनी बोटाने कपाट दाखवले. वामनबाबांनी त्यातली दुसरी रेकॉर्ड काढली, वैनींकडून एक जुना पंचा मागून घेतला, त्यात ती गुंडाळली आणि चहा तसाच टाकून गेले.

"दोनूय व्हरूंक जाताल्यो," वैनी कप उचलताना मला हळूच म्हणाल्या. "एकूच व्हेली. पळयलें तुमी?"

दोन्ही नेता येत असूनही एकच नेली, हे मी पाहिले होते. सरांनी पाहिले की नाही, ठाऊक नाही. पुढच्या रविवारी त्यांनी नेहमीप्रमाणे खिडक्या लावल्या, पहिली बाजू ऐकली, दुसरी ऐकली, आणि हात गुडघ्यांवर ठेवून तसेच बसून राहिले. चहा मागितला नाही. वैनींनी न मागता आणून ठेवला, तर म्हणाले, "भैरवी जावंक ना. देव उभोच आसा." असे मग दर रविवारी होऊ लागले. एका घरात वाजवायची पेटी आणि अर्धा अल्बम, बाजारातल्या दुकानात उरलेला अर्धा आणि तो मुका. दोघेही साखळीचा बाजार एकमेकांना चुकवत फिरत. साखळीचा बाजार केवढासा, त्यामुळे दोघांचीही दमछाक होत असणार.

दिवाळीच्या आसपास पेटीतला रबरी पट्टा तुटला. तबकडी फिरवणारा तो पट्टा बसवणारा साखळीत एकच माणूस होता, आणि त्याच्याकडे सर मेले तरी गेले नसते. त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे एक कडे कापले आणि तेच चढवले. तबकडी फिरू लागली, पण आळसावून. तो तरणाताठा गायक एकदम म्हातारा झाला, ढोल चिखलात पडल्यागत वाजू लागले. सरांना ते कळत नव्हते असे मुळीच नाही. मात्रा मोजणारी त्यांची बोटे अधांतरी थांबत, पुढच्या ठोक्याची वाट पाहत. तरी ते पुरी बाजू ऐकत, दोन्ही. मला मात्र, खरे सांगायचे तर, त्या संथ महिन्यांतच ते संगीत पहिल्यांदा समजले. एखाद्या मास्तराने फळ्यावर पायरी पायरीने गणित सोडवून दाखवावे तसे ते उलगडत जायचे. हे मी सरांना सांगितले, तेव्हा सहा महिन्यांत ते पहिल्यांदाच हसले.

पुढे कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही जागा मिळाली, आणि दोन्ही बाजूंना आपल्याला थोडे कमीच मिळाले असे वाटत राहिले. मे महिन्याच्या अखेरीला गोवा राज्य झाले. मी सुट्टीहून दोन दिवस आधीच परतले होते. साखळीत पताका लागल्या होत्या, पंचायतीचे लोक दारोदार पेढे वाटत होते. त्याच आठवड्यातल्या रविवारी सरांनी खिडक्या लावल्या, शिंतोडा मारला आणि पहिली बाजू लावली. दुसरे गाणे संपत आले होते तोच दार ढकलले गेले.

वामनबाब आत आले. हातात बाजाराची पिशवी, पिशवीतून मासळीची शेपटी बाहेर. त्यांनी कोणाकडे पाहिले नाही. सरळ पेटीपाशी गेले आणि कधीच कोणी करू नये ते केले. बाजू चालू असताना सुई उचलली.

"कितें हें?" ते म्हणाले. "ताप आयिल्ल्या मनशावरी गायता तो. सहा म्हयने आयकतां हांव रस्त्यार रावून. सहा म्हयने, भिका."

वामनबाबांनी खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात नवा रबरी पट्टा होता. कधी आणून ठेवला होता, किती दिवस खिशात घेऊन हिंडत होते, हे त्यांना कोणी विचारले नाही. जमिनीवर फतकल मारून त्यांनी पेटी उघडली, ट्यूबचे कडे काढून दूर भिरकावले, पट्टा चढवला, कान लावून तबकडीचा वेग पाहिला आणि पहिली बाजू अगदी सुरुवातीपासून लावली. मग आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. ती खुर्ची वैनींनी तिथून कधी हलवलीच नव्हती. मासळीची पिशवी मात्र वैनींनी आधीच त्यांच्या हातातून काढून घेतली होती.

पहिली बाजू झाली. सरांनी रेकॉर्ड उलटली. दुसरी झाली. सुई परत जागेवर गेली. वामनबाब उठले आणि चालते झाले. मला वाटले, झाले, पट्टा बसवला, उपकार संपले. सरांनाही तसेच वाटले असावे. पण ते खुर्चीवरून उठले नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी वामनबाब घामाघूम होऊन परत आले. काखेत रेकॉर्ड, वरून वर्तमानपत्रात नीट बांधलेली. सरांनी सुतळी सोडली, कागद उलगडला आणि बघतच राहिले. ते मराठी वर्तमानपत्र होते, आणि त्यात सरांचेच लांबलचक पत्र छापलेले होते.

"तुज्या पत्राचो उपेग जालो," वामनबाब म्हणाले. "कांयच धूळ भितर वचूंक ना."

सर हसले. नंतर त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. मग तिसरी बाजू लागली, चौथी लागली, भैरवी झाली. सरांनी डोळे मिटले आणि चहा मागितला. वैनी चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांचेच डोळे भरलेले होते, पण सायकलीचा विषय काढून त्यांनी ते निभावून नेले.

काही वर्षांनी सर निवृत्त झाले आणि कोरगावला आपल्या काजूच्या बागेत राहायला गेले. सामान बांधायला मी मदतीला होते. 'दार'च्या वेष्टनात एकच रेकॉर्ड पाहून मी हातातले काम थांबवले. पुन्हा भांडलात की काय, मी विचारले.

"ना गो बाई," सर म्हणाले. "दुसरी मीच वामनाक दिली. दोनूय म्हजेकडे आसल्यार तो इतल्या लांब कित्याक येतलो?"

आणि वामनबाब येत राहिले. महिन्यातून एका रविवारी साखळीहून सकाळची बस धरायची, मध्ये बदलायची, पिशवीत रेकॉर्ड, मांडीवर पिशवी. कोरगावला ट्रकही नव्हते आणि लाल धूळही नव्हती, तरी सर दहा वाजता खिडक्या लावून घेत. असे कितीतरी वर्षे चालले. एका पावसाळ्यात सर झोपेतच गेले. कसलाही त्रास झाला नाही. आदल्याच आठवड्यात चारही बाजू झाल्या होत्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी वैनींना भेटायला कोरगावला गेले, तो नेमका वामनबाबांचा रविवार होता. ते खूपच थकले होते, काठी आली होती. वैनींनी खिडक्या लावल्या, जमिनीवर पाणी शिंपडले आणि मला सरांच्या खुर्चीवर बसवले. चारही बाजू झाल्या. मध्ये कोणी उठले नाही. तिसऱ्या गाण्यात तो खोकला आला तेव्हा वामनबाबांनी माझ्याकडे पाहून एक बोट वर केले.

निघताना आपली रेकॉर्ड वैनींपुढे ठेवत ते म्हणाले, "वैनी, आतां म्हाका बस झेपना. ही रेकॉर्ड हांगाच दवरतां. दोनूय एकठांय रावतल्यो."

वैनींनी ती रेकॉर्ड पंच्यात नीट गुंडाळली, पुन्हा त्यांच्या पिशवीत घातली आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

"हांगा दवरल्यार तुमी येवचे नात," त्या म्हणाल्या. "फुडल्या म्हयन्यांत घेवन येयात. बस झेपना जाल्यार म्हज्या भावाक सांगतां. ताजेकडे सायकल आसा."