प्लगिनचं गाऱ्हाणं

कट्ट्याच्या बाजारात माझ्या दुकानासमोरच्या बाकावर तो लॅपटॉप घेऊन बसतो. बसतो कसला, दर दोन मिनिटांनी उठतो. वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये दोन अक्षरं टाइप केली की खाली अख्खं नाव सुचतं ना, ते सुचवणारं प्लगिन त्यानं लिहिलंय आणि जगाला फुकट देऊन टाकलंय. जग त्याला रोज तक्रारी पाठवतं. तक्रार आली की त्याची बोटं नुसत्या बाकावरही टाइप करायला लागतात.

समोरच्याचं वाक्य तो कधी पुरं होऊ देत नाही. मी "चाय..." म्हणेपर्यंत त्याचं "नको" येतं. देवळात गाऱ्हाणं घालताना मानकऱ्याचं देवाकडचं मागणं अर्ध्यावर असतं आणि सगळ्यांनी शेवटी म्हणायचं ते याचं "व्हय म्हाराजा!" होऊनही जातं. लोक हसतात.

परवा त्यानंच देवापुढे नारळ ठेवला.

"काय मागूचां रे?" मानकऱ्यानं विचारलं.

"ह्यां प्लगिन सांभाळूक दुसरो कोणतरी गावांदे. माका आता झेपणा नाय."

मानकऱ्यानं हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान इतकी वर्सां जां काय कॉम्प्युटरातलां काम सांभाळल्यान, तां आता दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

तो एकटा गप्प होता. जोडलेल्या हातांची बोटं मात्र एकमेकांवर टाइप करत होती.