भुईनिमाचा कडूपणा

अंजनाबाईच्या जिभेले भुईनीम काही नवा नव्हता. कळमेश्वरच्या वाटेवर औषधी झाडांचं एक वावर आहे, तिथं ती बावीस वर्षांपासून भुईनीम कापायले जाते. कापता कापता हात तोंडाले लागला की रातच्या भाकरीलेही कडू चव. कडूनिंबाचा कडूपणा पाहुण्यासारखा, गुळाचा खडा टाकला की चालला जाते. भुईनिमाचा मात्र घशात बिऱ्हाड करून बसते.

म्हणून रामदासपेठेतल्या डॉक्टर अरुंधतीबाईंनी दिलेल्या बाटलीतला पहिला चमचा तोंडात गेला, अन् तिले कळलं, हा भुईनीम नाही.

डॉक्टरीणबाईंनी हुडकेश्वरच्या चाळीस बायांले बसवून सांगतलं होतं. हिवाळाभर रोज दोन चमचे प्यायचे. अर्ध्या बाटल्यांत भुईनिमाचा अर्क, अर्ध्यांत नुसतं कडू पाणी. कोणाच्या बाटलीत काय, ते बायांले माहीत नाही अन् डॉक्टरलेही नाही. दर शनिवारी फोन येईन, सर्दी-खोकला किती दिवस, ताप आला का. हिवाळा सरला की पाहाचं, अर्कानं साथीचा आजार आधीच अडते का. घरचा भुईनिमाचा काढा तेवढे दिवस बंद.

तो काढा बंद करणंच अंजनाबाईले जड गेलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिनं आपल्या नवऱ्याले, गोपाळरावले, दोन महिने सकाळ-संध्याकाळ हाच काढा पाजला होता. ते तोंड वाकडं करत, शिव्या देत, पण पीत. तरी गेले. मातीच्या दिवशीच जाऊ बोलली, "पाल्याच्या भरवशावर बसली वं तू." पाला खोटा होता का माणूसच जाणार होता, हे तिले कोणी सांगतलं नाही. ते कळावं म्हणूनच तिनं डॉक्टरीणबाईच्या कागदावर अंगठ्याऐवजी हट्टानं सही केली.

दुसऱ्याच दिवशी शेजारची दीपमाला आपली बाटली घेऊन हजर.

"चाख ना वं अंजना. असली असन त पिईन. नाहीत काहून सकाळी सकाळी तोंडाचं वाटोळं करू?"

"मले नाही कळत."

"तुले नाही कळत? जलमभर पाला कापून राहिली तू!"

"तोंड आलं माझं. पी गुपचूप. तसंही तुझं तोंड कुठं गोड आहे?"

दीपमाला हसली, कुरकुरली, गेली. पुढच्या भेटीत अंजनाबाईनं डॉक्टरले सांगायले तोंड उघडलं, "मॅडम, माझी बाटली..."

"थांबा," डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. "मला काहीच सांगू नका. कळलं तर माझीच नजर वाकडी होईल."

मंग ती रोज नकली कडू पीत राहिली, चूळ भरत राहिली.

जानेवारीत तिचं नाक वाहिलं. मंगळवारी, बुधवारी. शनिवारी डॉक्टरीणबाईंचाच फोन आला.

"सर्दी किती दिवस होती?"

अंजनाबाईनं मनात हिशेब मांडला. आपण नकलीवाल्या. आपलं दुखणं जितकं मोठं लिहिल्या जाईन, तितका असली पाला गुणाचा ठरन. पाच दिवस म्हणलं, वर ताप लावला, त कोण येते पाहायले? जावेचं तोंड बंद होईन. पाच हा आकडा ओठापर्यंत आला.

"अंजनाबाई, ऐकू येतंय ना?"

"दोन दिवस."

"ताप?"

"नव्हता."

"नक्की?"

"नक्की. गुरुवारी वावरात होती मी, पाल्याची पोती भरून राहिली होती."

फोन ठेवला अन् ती भिंतीवरच्या गोपाळरावच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. फोटोवरची धूळ पदरानं पुसली.

"तुमचा काढा खरा करासाठी खोटं नाही बोलत मी," ती म्हणाली. "रागवाचं असन त रागवा."